सरावाच्या खोलीतले भाऊजी

गरिबाच्या अंगावर शिकायचं आणि पैसेवाल्याच्या अंगावर सफाई दाखवायची, ही दवाखान्यांची रीत मला मान्य नाही. आज नाही आणि तेव्हाही नव्हती. तेव्हा म्हणजे नव्वद साल उलटून थोडी वर्षं झाली होती. सिल्वासाच्या आसपास जिकडे बघावं तिकडे कारखान्याचं नवं गेट उभं राहत होतं आणि मी कॉलेजचा शेवटचा पेपर देऊन त्या गेटांवर पत्रकं वाटत फिरत होते.

त्या पावसाळ्यात मला टायफॉइड झाला. आमलीतल्या धर्मादाय दवाखान्यात सलाईन लावायला एक नवी मुलगी आली. तिने माझा डावा हात घेतला, मग उजवा, मग परत डावा. शीर काही सापडेना. ती रडकुंडीला आली, मी ओरडायला लागले. शेजारच्या खाटेवर सायली गावच्या कारखान्यातला एक कामगार पडला होता. तो समजूत घालत म्हणाला, "ताई, जरा धीर धरा ना. माझ्यावर परवापासून शिकतेय ती. आता बरंच जमायला लागलंय तिला."

त्याला तिचं कौतुक वाटत होतं! याच गोष्टीचा मला ताप चढला, टायफॉइडचा उतरल्यावरसुद्धा. घरी आल्यावर मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. मथळा होता, 'आमचं अंग म्हणजे तुमची पाटी नव्हे!!!' माझे वडील कोकणातून बदली होऊन इथल्या शाळेत शिक्षक म्हणून आलेले. त्यांनी पत्रक वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "एका उद्गारचिन्हाने भागलं नसतं?"

"नसतं," मी म्हणाले.

पत्रक दवाखान्याच्या दारावरच चिकटवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचं बोलावणं आलं. हे डॉक्टर मूळचे गुजरातचे, पांढऱ्या केसांचे, मराठी आणि गुजराती एकाच वाक्यात कालवून बोलणारे. मी भांडायची पूर्ण तयारी करून गेले.

"आवो बेन, बसो," ते म्हणाले. पत्रक त्यांच्या टेबलावर होतं. "लिहिलंय एकदम सरस. पण मला एक सांग. ती पोरगी शिकणार कुणावर? त्याच्यावर नको, तुझ्यावर नको. मग काय माझ्यावर?"

"का नाही?"

त्यांनी बाही वर केली. दंडापासून मनगटापर्यंत हात निळाजांभळा झाला होता. "शिकली ने माझ्यावरच. अजून दुखतंय."

मी टेबलावरचं पत्रक हळूच उलटं करून ठेवलं. मला माघार घ्यायला आवडत नाही, त्यामुळे तो क्षण चांगलाच लक्षात राहिलाय.

मग त्यांनीच सांगितलं. मुंबईच्या मोठ्या इस्पितळांत म्हणे आता रबराचे पुतळे येतात, विलायतेचे. त्यांच्यासाठी वेगळी खोली असते. नर्सबाई त्यांना सुया टोचतात, त्यांची छाती दाबतात, त्यांच्या तोंडात फुंकतात. हात बसला की मग खऱ्या माणसाकडे. "पण आपल्याला कोण देणार तसला पुतळा?"

"ज्या गावात धाग्यापासून बादलीपर्यंत सगळं बनतं, तिथे एक पुतळा बनत नाही?" मी टेबलावर हात आपटून म्हणाले.

"तो बनाव ने!" डॉक्टरही टेबलावर हात आपटून म्हणाले. "पाठची खोली तुझी."

पाठच्या खोलीत औषधांची रिकामी खोकी आणि एक मोडकी खाट होती. खोकी बाहेर गेली, खाट राहिली. आणि मी सामान गोळा करायला निघाले. ज्याच्या त्याच्या दारात जाऊन मी भाषण द्यायचे, आणि भाषण थांबावं म्हणून लोक सामान द्यायचे. सायकलवाल्याने जुन्या ट्यूब दिल्या. यार्नच्या कारखान्यातून वाया गेलेल्या धाग्यांची पोती आली. प्लॅस्टिकच्या कारखान्यातून न छापलेल्या पिशव्या आल्या. ट्यूबमध्ये आळत्याचं पाणी भरून तिच्यावर रेक्झिन चढवलं, की झाला हात. सुई नीट बसली तर लाल पाणी यायचं, चुकली तर काही नाही यायचं आणि कुणी रडायचंही नाही. पहिल्यांदा लाल पाणी काढलं ते माझं सलाईन चुकवणाऱ्या त्या मुलीने. ती त्या हाताला चक्क नमस्कार करून गेली.

धड बनवलं धुळ्याकडच्या एका फिटरने. यार्नच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करायचा तो. छातीत त्याने एक स्प्रिंग आणि डब्याचं झाकण असं काही बसवलं, की पुरेसं दाबलं तरच आतून 'टक्' असा आवाज यायचा. वर वर दाबलं तर मुकाट. पिशव्यांची फुप्फुसं केली. तोंडातून फुंकलं की छाती वर यायची. पहिल्यांदा ती वर आली तेव्हा फिटर आणि मी खोलीतल्या खोलीत नाचलो.

फिटरची बायको दारात बसून पोत्यातला धागा मोकळा करून देत होती. तिला सगळी चाळ वहिनी म्हणायची, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. वयाने ती माझ्याएवढीच असेल. बोलणं इतकं हळू, की समोरच्याला पुढे वाकावं लागे. ती इथे राहणार की गावी परत जाणार हे ठरायचं होतं, आणि ते कशावर अवलंबून आहे हे तिनेच मला धागा मोकळा करता करता सांगितलं.

डॉक्टरांचा ट्रस्ट सायलीत कामगारांसाठी प्रथमोपचाराची एक खोली उघडणार होता. तिथे मदतनीस बायका हव्या होत्या, पक्क्या कामावर; आमच्या पुतळ्यावर शिकून डॉक्टरांची परीक्षा पास होतील अशा. तिकडे वहिनींच्या गावाहून सासऱ्यांचा निरोप आला होता: तिथे पक्कं काम असेल तर सून राहू दे, नाहीतर पेरणीआधी नातीसकट घरी आणून सोड. घरात माणसं कमी आहेत. नात इथल्या मराठी शाळेत दुसरीत होती आणि वाचायला लागली होती. दुकानांच्या पाट्या, कारखान्यांचे फलक, रिक्षांच्या पाठी, जे दिसेल ते मोठ्याने वाचत सुटायची.

"गावची शाळा नाही?" मी विचारलं.

"आहे ना. मास्तर नाही," वहिनी म्हणाल्या. "आणि तिचे वडीलही तिथे नसतील."

म्हणजे डॉक्टरांच्या परीक्षेत उतरल्या तर तिघं एकत्र, नाहीतर दोघी तिकडे आणि एक इकडे. मी लगेच म्हटलं, यावर पत्रक काढते. त्या घाईघाईने म्हणाल्या, "नको ताई! मी पास होते."

राहिला चेहरा. खेरडीत एक बाबा होते, भवाड्याचे मुखवटे करणारे. भवाडा म्हणजे इकडच्या गावांत देवांची आणि राक्षसांची सोंगं नाचतात तो उत्सव. मी त्यांच्याकडे गेले आणि माझ्या पत्रकावरचं चित्र पुढे केलं. चित्र मीच काढलेलं: झुपकेदार मिशा, कपाळावर आठी, डोक्यावर टोपी, आवळलेला जबडा. अन्यायाविरुद्ध पेटून उठलेला कामगार. मुखवटा चढवताना तोंड तेवढं उघडं करून घ्यायचं असं ठरलं.

"हे कुठलं सोंग?" बाबांनी विचारलं.

"सोंग नाही. कामगार आहे."

"कधी येतो तो? गणपतीनंतर की राक्षसाच्या आधी?"

"तो यायचाच आहे," मी ठणकावून सांगितलं. पटलं असावं त्यांना, कारण मिशा त्यांनी माझ्या चित्रापेक्षा दुप्पट केल्या. त्यांची एकच अट होती. मुखवट्याचं तोंड कधी जमिनीला टेकवायचं नाही. पाठीवर झोपवला तर चालेल.

तर असा आमचा पुतळा तयार झाला. धोतर नको म्हणून फिटरने आपली जुनी पँट दिली. पुतळा खाटेवर झोपवला आणि पहिल्या वर्गाला चार बाया आल्या. वहिनी, त्यांच्याच चाळीतल्या खानदेशच्या दोघी, आणि खेरडीची एक मुलगी, मुखवटेवाल्या बाबांची पुतणी. तिला कशाचंही हसू यायचं. शिकवायला होत्या आमच्या सिस्टरबाई, कोकणातल्या, सरकारी इस्पितळातून सुट्टीच्या दिवशी फुकट येणाऱ्या. त्यांचा आवाज असा, की कण्हणारा पेशंटसुद्धा कण्हायचा थांबे.

"हं. हा कामगार बेशुद्ध पडलाय," सिस्टरबाई म्हणाल्या. "पहिली गोष्ट, खांदे हलवून विचारायचं, ऐकू येतं का. चला, कोण येते पुढे?"

कुणीच पुढे आलं नाही. खानदेशच्या तिन्ही बायकांनी पुतळ्याकडे एकदा पाहिलं आणि तिघींचे हात एकदमच वर गेले. पदर डोक्यावर. वहिनींचा तर कपाळाच्याही खाली. तिघीही भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, माना खाली.

"काय गो, काय झालं?" सिस्टरबाईंनी विचारलं.

तिघी एकमेकींना कोपरानं ढोसत राहिल्या. मग एक जण पदराआडून पुटपुटली, "आबा आहेत ते."

"कोण आबा?"

"आमचे. हिचेपण. तसेच दिसतात, मिशा, टोपी. सासऱ्याच्या खांद्याला हात लावायचा म्हणजे..."

खेरडीची मुलगी हसून हसून खाली बसली. मी मात्र पेटले. मी खाटेच्या दांड्यावर उभी राहिले की नाही आठवत नाही, पण भाषण उभ्यानेच दिलं. माणूस मरतोय आणि तुम्ही पदर सांभाळताय! पदर ही बेडी आहे! उद्या खरा आबा शॉक लागून पडला तर काय त्याला पदराआडून मरताना बघणार? वगैरे. चांगलं भाषण होतं. अजूनही त्यातला शब्दन् शब्द खरा मानते मी.

भाषण संपल्यावर वहिनी माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, बेडीचं मग बघू. आधी त्याच्या मिशा काढा ना."

सिस्टरबाईंच्या तोंडातून हसू फुटलं. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"मिशा काढून काय होणार?" मी विचारलं.

"मग आबा नाही राहणार. भाऊजी करू त्याचा. दीर. दिराला काही लाजायचं नसतं. दिराचा कान धरता येतो, त्याला शिव्या देता येतात, होळीला त्याला न्हाणीत ढकलता येतं. दिराची छाती दाबायला काय हरकत?"

बाकीच्या दोघींनी माना डोलावल्या. हे अगदी कायद्याचं बोलणं झालं होतं. सासऱ्यापुढे आवाज निघत नाही ती बाई दिराशी दिवसभर भांडू शकते, हे मला, कोकणातल्या शिक्षकाच्या मुलीला, कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, आपल्याला आधी बायका बदलायला लागणार. इथे नुसती मिशी बदलून भागत होतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि वहिनी मुखवटा टॉवेलात गुंडाळून खेरडीला गेलो. बाबांना मिशा उतरवायचं जिवावर आलं. "सोंगाचं वजन मिशीत असतं," ते म्हणाले. पण पुतणीने त्यांना वर्गात घडलेलं सगळं नकलेसह करून दाखवलं आणि ते मग लाकडाला टेकून हसत राहिले.

"किती वयाचा करू?" त्यांनी वहिनींना विचारलं.

वहिनींनी विचार केला. "दहावीला दोनदा बसलेला."

बाबांनी बरोब्बर तसाच केला. ओठांवर मिसरूड फुटलेलं, भुवया जरा उचललेल्या, चेहऱ्यावर 'मी काय केलं?' असे भाव. टोपी गेली. केसांच्या जागी धागा चिकटवून मधोमध भांग पाडला. त्या क्रांतिकारक कामगाराचं असं झालेलं बघून मला क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच.

मग मात्र खोली जिवंत झाली. "भाऊजी, ऐकू येतं का? ओ भाऊजी!" म्हणून खांदे गदागदा हलवले जायचे. "उठा, चहा थंड होतोय!" "उठतो कसला, कामाला जायचं नाव काढलं की असंच पडतो हा!" सिस्टरबाई म्हणायच्या, मान मागे करा, हनुवटी वर उचला. की लगेच कुणीतरी, "हनुवटी काय उचलायची मेल्याची, मुलगी बघायला चाललाय का?" तोंडावर स्वच्छ रुमाल टाकून फुंकायचं होतं. तिथे सुरुवातीला थोडं लाजणं झालं. मग चाळीतल्या एकीने जाहीर केलं, की दीर लहान असताना मी त्याचं तोंड धुतलंय, लग्न होऊन आले तेव्हा शेंबडा होता. झालं. सगळ्यांचाच दीर शेंबडा होता असं ठरलं. छाती वर आली की टाळ्या पडायच्या. आणि 'टक्' आवाज आला की, "बघ, नोकरी लागली भाऊजींना!"

कारखान्यांचे भोंगे झाले की पाळीवरून सुटलेली माणसं आमच्या खिडकीशी उभी राहायला लागली. कुणी सुपारी चघळत सल्ले द्यायचं. एकाने विचारलं, "बेन, ये बचेगा क्या?" खेरडीची मुलगी फुंकता फुंकता मान वर करून म्हणाली, "भैया, तुम हवा छोडो, तो बचेगा." खिडकी मोकळी झाली.

वहिनींचा हात सगळ्यांत चांगला होता. पण एक अडचण राहिली आणि ती मोठी होती.

कारखान्यात शॉक लागून माणूस पडला की सगळ्यांत मोठा धोका पडलेल्याला नसतो, तर धावत येणाऱ्यांना असतो. जो हात लावतो तोही चिकटतो. म्हणून सिस्टरबाईंचा पहिला नियम: आधी ओरडायचं. हात लावू नका, बाजूला व्हा! मग मेन स्विच बंद. मग पेशंट. "ओरडणं हेच पहिलं औषध," त्या म्हणायच्या. फिटरने भिंतीवर लाकडी फळीवर एक स्विच बसवला आणि त्याला लाल दिवा जोडला. दिवा लागलेला असेपर्यंत भाऊजींमध्ये करंट आहे असं धरायचं.

वहिनींच्या तोंडून 'बाजूला व्हा' निघायचं, पण मीठ मागितल्यासारखं. मी हा विषय माझ्या हातात घेतला. ओरडणं हे माझं क्षेत्र. मी त्यांना दमणगंगेच्या काठावर नेलं आणि घोषणा द्यायला लावल्या. मी पूर्ण छातीने ओरडायचे, पलीकडच्या काठावरची गुरं मान वर करायची. वहिनी ओठ हलवायच्या.

"नदीलासुद्धा ऐकू नाही गेलं," मी वैतागून म्हणाले.

"घरात मोठी माणसं असली की आवाज चुलीच्या पुढे जायला नको, असं शिकवलंय," त्या म्हणाल्या. "आता इथे कुणी नाही, ते कळतं मला. पण गळ्याला कुठे कळतं?"

मी आणखी एक घोषणा देऊन पाहिली, गुरांनी पुन्हा माझ्याकडेच बघितलं. दिरावर ओरडता यायचं त्यांना, पण दीर तर बेशुद्ध. ओरडायचं होतं गर्दीवर, आणि गर्दीत कोण असेल सांगता येत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी ते कळलं.

डॉक्टरांनी परीक्षा पाळी सुटण्याच्या वेळेला ठेवली होती, मुद्दाम, खरी गर्दी व्हावी म्हणून. दुपारी मी खोलीत पोचले तर दारात फिटर घामाघूम उभा. "आबा आलेत," तो म्हणाला. "सकाळच्या गाडीने. निकाल काय लागतो ते बघून तसंच हिला घेऊन निघायचं म्हणतात. आंडेरनी शाळाना दाखला काढी ठेव, म्हणे." मुलीचा शाळेचा दाखला काढून ठेव म्हणजे आबांनी निकाल लावूनच टाकला होता.

आणि आबा आले. मी बघतच राहिले. झुपकेदार मिशा, कपाळावर आठी, पांढरी टोपी. मी माझ्या पत्रकावर काढलेला कामगार चालत चालत आमच्या खोलीत शिरत होता! खेरडीच्या मुलीने ओढणी तोंडात कोंबली. त्यांच्या मागोमाग नात आली आणि भिंतीवरचं सगळं मोठ्याने वाचायला लागली. "हात... स्वच्छ... धुवा."

लोक भरले. चाळीतल्या बायका, कारखान्यातली माणसं, खिडकीत डोकी. डॉक्टर खुर्चीवर, सिस्टरबाई हाताची घडी घालून. खेरडीची मुलगी आधी झाली आणि छान झाली. चाळीतल्या दोघीही झाल्या. मग वहिनींचं नाव पुकारलं. त्या आल्या त्या डोक्यावरचा पदर दातांत धरूनच.

"हाऊ कोन शे?" आबांनी खाटेकडे बोट करून फिटरला विचारलं.

"भाऊजी," पाठीमागून एक बाई म्हणाली आणि खसखस पिकली.

आबांना पुतळा नीट दिसेना म्हणून ते सरकत सरकत पुढे आले आणि भिंतीला पाठ लावून ऐसपैस उभे राहिले. नेमके फळीच्या पुढे. स्विच त्यांच्या पाठीमागे.

डॉक्टरांनी बघितलं. सिस्टरबाईंनी बघितलं. मी पुढे व्हायला निघाले तर सिस्टरबाईंनी माझा दंड असा पकडला, की सलाईन बरं. "राहू दे," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "कारखान्यात आबाच उभे असणार."

स्विच चालूच होता; फिटरने तार जोडली आणि दिवा लागला. लाल प्रकाश पडला. डॉक्टर म्हणाले, "करंट चालू. माणूस पडला. चला."

वहिनी खाटेकडे निघाल्या आणि थांबल्या. दिव्याकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं. हात आपोआप डोक्याकडे गेला, पदर आणखी पुढे ओढायला. खोलीतल्या प्रत्येक बाईला कळलं काय चाललंय, आणि बाप्यांना कळायला थोडा वेळ लागला, पण कळलं. आबांना काहीच कळलं नव्हतं. ते मिशीवर हात फिरवत उभे. आणि तेवढ्यात त्यांनी काय करावं? पुतळ्याचा हात खाटेखाली लोंबत होता तो उचलून वर ठेवायला ते वाकले. चांगल्या मनाने. हात लावायला.

"आबाऽऽ! हात लावू नका! बाजूला व्हा!"

हा आवाज कुठून आला ते मला खरोखरच आधी कळलं नाही. मला वाटलं भोंगा झाला. आबा असे मागे उडाले, की टोपी डोक्यावरून निघून जमिनीवर. खिडकीतली माणसंही मागे हटली. डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. वहिनी आबांच्या खांद्यावर हात ठेवून, हो, खांद्यावर हात ठेवून, त्यांना सारून फळीपाशी पोचल्या होत्या. खटका पडला. दिवा गेला.

"भाऊजी! ओ भाऊजी, ऐकू येतं का?"

पदर कधीच खांद्यावर आला होता आणि तिथून कमरेला खोचला गेला होता. मान मागे, हनुवटी वर, रुमाल, फुंकर. छाती वर आली. मग टक्, टक्, टक्, टक्, सारख्या लयीत. फिटरचे ओठ त्या लयीत हलत होते.

"बस, बस बेन," डॉक्टर शेवटी म्हणाले. "वाचला. आता तो खाऊन-पिऊन घरी जाईल."

टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या टाळ्यांनीच वहिनींना जाग आली. त्यांनी मागे वळून पाहिलं. आबा बोडक्या डोक्याने भिंतीशी उभे होते. वहिनींचा चेहरा उतरला. पदर कमरेतून सोडवायला गेल्या तर गाठ सुटेना. टाळ्या विरल्या. आपण एकदा ओरडलो, आता दाखला निघणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. मी तोंड उघडलं. भाषण ओठांवर होतं, तिन्ही उद्गारचिन्हांसह.

आबाच आधी बोलले. "मालेच सरकाडी दिधं हिनी," ते सगळ्या खोलीला उद्देशून म्हणाले. मलाच सरकवलं हिने. राग होता की काय, मला कळेना. मग त्यांनी फिटरकडे पाहिलं. "तुझी आई चाळीस वर्षं प्रयत्न करतेय. तिला नाही जमलं."

आधी डॉक्टर हसले. मग सगळी खोली, खिडकीसकट.

"आणि मी हात लावला असता तर?" आबांनी विचारलं.

सिस्टरबाईंनी उत्तर दिलं, "तर खाटेवर दोघं असता. तुम्ही आणि भाऊजी."

आबांनी भाऊजींकडे बघून मान हलवली. त्यांना तो शेजार पसंत नसावा. मग फिटरला म्हणाले, "दाखला ऱ्हाऊ दे. पेरणीचं मी आणि तुझी आई बघू. ही तिकडे आली तर इथे माणसांना सरकवणार कोण?" आणि बाह्या वर करून खाटेशी आले. "हं. कसं करतात, मलापण शिकव."

मी लोकांना सांगत असते, की अशा खोल्या प्रत्येक दवाखान्यात सरकारने बांधायला हव्यात, विलायती पुतळ्यांची वाट न बघता, आणि जे म्हणतात परवडत नाही त्यांनी आमच्या भाऊजींकडे येऊन जावं. हे मी पुढे पत्रकात लिहिलं. पण त्या दिवशी पत्रकाचं कुणाला सुचतंय? आबा छाती दाबत होते आणि आतून काही आवाज येत नव्हता. शेतातला गडी, पण दाबत होता बाळाला थोपटल्यासारखं.

"आबा, जोर लावा," वहिनी म्हणाल्या. पदर पुन्हा डोक्यावर आला होता, आवाज पुन्हा हळू. पण आबांना ऐकायला वाकावं लागलं नाही. "हात सरळ. कोपर वाकवू नका. अजून."

टक्.

"झालं!" नात ओरडली. आबांनी तिला उचलून घेतलं.

तेवढ्यात खेरडीच्या मुलीने जमिनीवरची आबांची टोपी उचलली, झटकली आणि ती आबांना द्यायची सोडून भाऊजींच्या डोक्यावर चढवली. टोपीखाली ते मिसरूड, त्या उचललेल्या भुवया. आणि वहिनींचा हात, सवयीने, पदराकडे गेला. कपाळापर्यंत जाऊन थांबला. त्यांनी भाऊजींकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि इतक्या मोठ्याने हसल्या की बाहेरून जाणारी माणसं परत फिरून खिडकीशी आली.